सोसायटीचा पंप आणि आपला पंप

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त क्लब हाऊसमध्ये झालेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमात बी विंगमधल्या आपल्या डॉक्टरांनी केलेले भाषण. बोललेले जसेच्या तसे ठेवण्याचा प्रयत्न केला आहे.)



अध्यक्ष, सेक्रेटरी, कमिटीचे सगळे सभासद, पहिल्या रांगेतली वडीलधारी मंडळी आणि खाली सतरंजीवर बसलेली बच्चे कंपनी. कमिटीने मला पत्र दिलं, 'हृदय व हृदयविकार, वेळ ३० मिनिटे, नंतर अल्पोपाहार.' अल्पोपाहारात बटाटेवडे आहेत हे मला वासावरून कळलंय. त्यामुळे वडे येण्याआधी बोलून घेतो, नंतर माझं कोणी ऐकणार नाही.

मी १९९९ सालापासून इथे राहतो. आपली सोसायटी रजिस्टर झाली, त्याच वर्षीच्या दिवाळीत आम्ही राहायला आलो. त्या वेळी वॉचमन एकच होता, रात्रीचा. पाणी पहाटे पाचला यायचं. ते खालच्या टाकीतून वरच्या टाकीत चढवायचं काम आपले पहिले सेक्रेटरी स्वतः करायचे. लुंगी, अंगात बनियन, हातात बॅटरी. नव्या लोकांनी त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून सांगतो. आम्ही सगळे त्यांना सेक्रेटरीकाका म्हणायचो, वयाने आमच्याच बरोबरीचे असले तरी. ते गावाला गेले की मोटर लावायची पाळी माझ्यावर यायची, त्यामुळे त्यांनी मला पंप शिकवला. मेडिकल कॉलेजात मी हृदय शिकलो होतो, पण खरं सांगायचं तर ते डोक्यात पक्कं बसलं आपल्या पंप रूममध्ये. म्हणून आज तिथूनच सुरुवात करतो.

पंप कसा चालतो

काकांनी मला पहिल्याच दिवशी तीन गोष्टी सांगितल्या. एक, पंप कोरडा चालवायचा नाही. दोन, व्हॉल्व्ह गेला तर मोटर कितीही फिरली तरी पाणी वर चढणार नाही, परत खाली येईल. तीन, पाइप चोंदला तर दोष पंपाचा नसतो, पण जळतो पंपच. या तिन्ही गोष्टी हृदयाला लागू पडतात.

आपलं हृदय साधारण आपल्या मुठीएवढं असतं. वजन २५० ते ३५० ग्रॅम. छातीच्या मधोमध, जरा डावीकडे झुकलेलं. मुलांनो, तुम्ही सिनेमात बघता तसं ते पूर्ण डावीकडे नसतं. ते आहे निव्वळ स्नायूचं. त्यात चार खोल्या आहेत, म्हणजे टू बीएचकेच समजा. वरच्या दोन खोल्यांना अलिंद म्हणतात, खालच्या दोन खोल्यांना निलय. उजव्या बाजूच्या दोन आणि डाव्या बाजूच्या दोन यांच्यामध्ये भिंत असते आणि त्या भिंतीला दार नसतं.

म्हणजे खरं तर एका घरात दोन पंप आहेत. अंगभर फिरून आलेलं, ऑक्सिजन संपत आलेलं रक्त उजव्या बाजूला येतं. उजवा पंप ते शेजारीच असलेल्या फुप्फुसांत ढकलतो. तिथे ते ऑक्सिजन घेतं आणि डाव्या बाजूला येतं. डावा पंप ते सगळ्या शरीरभर पाठवतो, डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. उजव्याला जवळच ढकलायचं आहे, डाव्याला लांब. म्हणून डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या जवळजवळ तिप्पट जाड असते. तळमजल्यावर पाणी द्यायला आणि सातव्या मजल्यावर चढवायला एकाच ताकदीची मोटर कोणी बसवत नाही, तसंच.

रक्त मागे येऊ नये म्हणून चार झडपा आहेत. आपल्या पाइपावरचे नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच. मी छातीला नळी लावून ऐकतो ती 'लब्-डब्' म्हणजे या झडपा मिटल्याचा आवाज. लहानपणी घशाला विशिष्ट जंतूंचा संसर्ग झाला, त्यावर नीट उपचार झाले नाहीत, तर काही मुलांना पुढे संधिवाताचा ताप येतो आणि तो या झडपा खराब करतो. म्हणून पोराचा घसा वरचेवर सुजून ताप येत असेल तर 'आइस्क्रीम खाल्लंस म्हणून' एवढ्यावर सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. अँटिबायोटिकचा कोर्स दिला तर तो पुरा करा.

मग स्विच कुठे आहे? स्विच हृदयाच्या आतच आहे. उजव्या अलिंदात वरच्या बाजूला पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, तो स्वतःच विजेचे ठोके तयार करतो. मिनिटाला साधारण ७२. मेंदू त्याला हळू चाल, जोरात चाल असं सांगतो, पण सुरू करायला मेंदू लागत नाही. आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हे ठोके सुरू होतात. आपल्या मोटरसारखा याला सकाळी दोन तास चालवून बंद करायचा टाइम टेबल नाही.

आता थोडा हिशोब करू. सोसायटीच्या माणसाला हिशोबाशिवाय पटत नाही. एका ठोक्याला डावा पंप साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकतो, म्हणजे आपला छोटा चहाचा कप. मिनिटाला ७२ ठोके धरले तर ५ लिटर. दिवसाला एक लाखाच्या वर ठोके आणि ७,२०० लिटरच्या आसपास रक्त. शहरात माणशी १३५ लिटर पाणी रोज लागतं असं धरतात. म्हणजे एका माणसाचं हृदय रोज पन्नासएक माणसांच्या वापराच्या पाण्याइतकं रक्त ढकलतं. आपल्या १२-१३ फ्लॅटचं पाणी! आणि तेही बसल्याजागी. तुम्ही जिना चढलात, धावलात, की हाच पंप मिनिटाला १५-२० लिटरपर्यंत जातो.

पण गंमत अशी की अंगात रक्त असतं फक्त पाच लिटर. मग ७,२०० लिटर येतं कुठून? हाच प्रश्न इंग्लंडमधल्या विल्यम हार्वी नावाच्या डॉक्टरला पडला. त्याआधी हजार-दीड हजार वर्षं युरोपात समजूत होती की रक्त यकृतात अन्नापासून तयार होतं आणि अवयवांत वापरून संपतं, आपल्या बाथरूममधलं पाणी गटारात जातं तसं. हार्वीने असाच ठोक्यांचा हिशोब मांडला आणि दाखवलं की अर्ध्या तासात हृदयातून जितकं रक्त जातं, तितकं सगळ्या शरीरात मिळूनही नसतं. एवढं रक्त जेवणातून तयार होणं शक्यच नाही. म्हणजे तेच रक्त गोल फिरत असलं पाहिजे. १६२८ साली त्याने हे पुस्तकरूपाने छापलं. रोहिण्यांतून शिरांत रक्त कसं जातं ते त्याला दिसलं नव्हतं. त्या मधल्या बारीक केशिका इटलीच्या माल्पिगीने १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. हार्वीचं हत्यार काय होतं, तर साधा गुणाकार. तेव्हा मुलांनो, पाढे पाठ करा.

पंपाला पाणी कोण देतं?

आता मुख्य मुद्दा. इथे जरा लक्ष द्या, कारण इथेच सगळा हृदयविकार आहे.

हृदयातून दिवसाला सात हजार लिटर रक्त जातं, पण हृदयाचा स्नायू त्यातलं थेंबभरही थेट शोषून घेऊ शकत नाही. बँकेतला कॅशियर दिवसभर नोटा मोजतो, पण त्याचा पगार त्यातून घेता येत नाही, तो वेगळा खात्यात यावा लागतो. तसं हृदयाचं आहे. महारोहिणी हृदयातून बाहेर पडली की तिला सगळ्यात पहिल्या फांद्या फुटतात त्या दोन बारीक नळ्यांच्या. त्या उलट फिरून हृदयावरच पसरतात. यांना कोरोनरी रोहिण्या म्हणतात. जाडी किती? मुळाशी तीन-चार मिलिमीटर. लस्सी प्यायची स्ट्रॉ त्याहून जाड असते.

दुसरी अडचण अशी की हृदय आवळतं तेव्हा या नळ्या दाबल्या जातात. डाव्या निलयाच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत. आणि शरीरातले इतर स्नायू रक्तातला थोडासाच ऑक्सिजन घेतात, बाकी शिल्लक ठेवतात. हृदयाचा स्नायू मात्र आधीच जवळजवळ तीन-चतुर्थांश काढून घेतो. शिल्लक काही नाही. जास्त काम करायचं तर जास्त रक्तच आलं पाहिजे. नळी अरुंद झालेली असेल तर बसून बरं वाटतं, पण जिना चढताना, सामान उचलून आणताना छातीवर दडपण येतं, थांबलं की जातं. हे दुखणं म्हणजे हृदयाने दिलेली नोटीस आहे. सोसायटीच्या थकबाकीदारासारखी ती ड्रॉवरमध्ये टाकून ठेवू नका.

नळी का भरते?

आता लोक म्हणतात, डॉक्टर, आपल्या पाइपात क्षार साठतात तसंच ना हे? थोडं तसं, पण पूर्ण तसं नाही.

पाइपात क्षार आतल्या पृष्ठभागावर बसतो. रोहिणीत चरबी बसते ती भिंतीच्या आत. रोहिणीला आतून अतिशय पातळ, गुळगुळीत अस्तर असतं. वाढलेला रक्तदाब, तंबाखूचा धूर, वाढलेली साखर यांनी ते अस्तर दुखावतं. मग रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, त्याच्या खाली शिरतं. ते साफ करायला पांढऱ्या पेशी येतात, चरबी खाऊन तिथेच अडकून मरतात, आणि भिंतीत एक मऊ फुगवटा तयार होतो. वर पातळ पापुद्रा, आत लगदा. भिंतीला आतून ओल आली की प्लास्टर फुगतं आणि वरून रंग चांगला दिसत राहतो, ते सी विंगवाल्यांना समजावून सांगायला नको.

एके दिवशी तो पापुद्रा फुटतो. रक्ताला वाटतं इथे जखम झाली, म्हणून तिथे गुठळी धरते. काही मिनिटांत नळी बंद. याला हार्ट अटॅक म्हणतात. लक्षात घ्या, फुटणारा फुगवटा मोठाच असतो असं नाही. पुष्कळदा तो नळीची निम्मीसुद्धा जागा अडवत नसतो. म्हणून 'मागच्या महिन्यात तर सगळं नॉर्मल होतं हो' असं होतं.

आणि हे म्हातारपणी सुरू होतं असंही नाही. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं डॉक्टरांनी तपासली. सरासरी वय २२. त्यांतल्या तीन-चतुर्थांशांहून जास्त जणांच्या कोरोनरी रोहिण्यांत हा आजार सुरू झालेला दिसला. ही माहिती १९५३ साली छापून आली. म्हणून आज मी वडीलधाऱ्यांपेक्षा मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पोरांकडे बघून बोलतोय.

कारणं कशी कळली? त्याआधी एक गोष्ट. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन वारले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० होता. तो काही एका दिवसात चढला नव्हता, कित्येक वर्षं वाढत होता, आणि त्यांचे डॉक्टर वयाच्या मानाने ठीक आहे म्हणत होते. तेव्हा समजच तसा होता. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या छोट्या गावातल्या ५,२०९ धडधाकट बायका-पुरुषांना घेऊन एक अभ्यास सुरू झाला. दर दोन वर्षांनी तपासायचं आणि कोणाला काय होतं ते बघायचं. त्यातून कळलं की वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि सिगारेट ही अटॅकची मुळं आहेत. आज आपण 'रिस्क फॅक्टर' हा शब्द वापरतो, तो त्याच अभ्यासाने रुळवला.

पुढे २००४ साली ५२ देशांतला इंटरहार्ट अभ्यास आला. त्यात भारतही होता. त्यांनी सांगितलं की जगात कुठेही गेलात तरी हार्ट अटॅकचा बहुतेक सगळा धोका नऊ गोष्टींवरून सांगता येतो. तंबाखू, रक्तातली बिघडलेली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायाम नसणं आणि दारू. त्याच अभ्यासात आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांबद्दल एक आकडा निघाला. पहिल्या अटॅकचं मधलं वय आपल्याकडे ५३, इतर देशांत जवळजवळ ५९. म्हणजे आपल्याला सहा वर्षं आधी. मुलीचं लग्न, मुलाची फी, फ्लॅटचे शेवटचे हप्ते, नेमक्या त्या वयात.

२००६ सालची ती रात्र

आता मला जे सांगायचं आहे, त्यासाठी मी वहिनींची परवानगी घेतली आहे. त्या दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्या म्हणाल्या, "सांगा. पण ते मोटर कशी लावायचे, तेही सांगा." म्हणून मी सुरुवात तिथून केली.

सप्टेंबर २००६. आपली वार्षिक सर्वसाधारण सभा होती. जुन्या लोकांना आठवत असेल, पाण्याच्या बिलावरून केवढा वाद झाला होता. काका दोन तास उभे राहून उत्तरं देत होते. रात्री दहा-सव्वादहाला त्यांचा मला फोन आला. "डॉक्टर, छातीत मधोमध जळजळतंय. दुपारी मिसळ झाली होती. घाम पण येतोय जरा." मी विचारलं, "डाव्या हातात दुखतंय का?" ते म्हणाले, "नाही, हात ठीक आहे. जबडा जरा आवळल्यासारखा वाटतोय." मी म्हटलं, "अ‍ॅसिडिटी आहे. अँटासिड घ्या, उशी उंच घेऊन झोपा. सकाळी दवाखान्यात या, बघू."

मंडळी, मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, ते चौथ्यावर राहायचे. दोन जिने. मी चढलो नाही. दिवसभर मीही दमलो होतो, आणि मिसळ म्हटल्यावर माझ्या मनाने निकाल देऊन टाकला.

पहाटे साडेपाचला वहिनींनी दार वाजवलं. मी वर गेलो तेव्हा ते खुर्चीत बसले होते, अंग थंड, नाडी लागत नव्हती. मी छाती दाबायला सुरुवात केली. लिफ्ट रात्री बंद ठेवायचो आपण, किल्ली सापडेना. चादरीत घालून चार मजले खाली आणलं. गेटमध्ये कोणाची तरी गाडी आडवी लावलेली होती. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा काही करण्यासारखं उरलं नव्हतं. वय ५१.

मी अठरा वर्षं हे मनात ठेवून आहे. आज सांगतोय ते मन हलकं करायला नाही. मला काय माहीत होतं, ते बघा. दोन वर्षांपूर्वी मीच त्यांचा रक्तदाब मोजला होता, १६०/१००. गोळी दिली होती. महिनाभर घेतली आणि 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद केली. हे मला ठाऊक होतं, मी पाठपुरावा केला नाही. त्यांचे वडील चोपन्नाव्या वर्षी अटॅकनेच गेले होते. पंप रूमच्या मागे उभं राहून ते सिगारेट ओढायचे, म्हणजे घरी कळू नये म्हणून. आणि त्या रात्री छातीत मधोमध त्रास, घाम, जबडा आवळणं. परीक्षेत हे लिहून आलं असतं तर मी एका ओळीत उत्तर लिहिलं असतं. फोनवर आलं, शेजाऱ्याच्या आवाजात आलं, मिसळीसकट आलं, म्हणून चुकलो.

तेव्हा कळलं असतं तर ते नक्की वाचले असते असं मी म्हणत नाही. पण नळी बंद झाल्यावर स्नायू एकदम मरत नाही. साधारण अर्ध्या तासापासून मरायला लागतो आणि मग तासागणिक मरत जातो. पहिल्या एक-दोन तासांत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी मिळाली तर पुष्कळ स्नायू वाचतो. त्यांच्याकडे सात तास होते. ते सात तास माझ्या एका वाक्यात गेले.

मग काय करायचं

आता कामाच्या गोष्टी. लिहून घ्या म्हणत नाही, स्मरणिकेत छापून येणार आहेत.

पहिली. छातीत मधोमध दडपण, जळजळ, आवळल्यासारखं, भार ठेवल्यासारखं वाटणं, पंधरा-वीस मिनिटांत न जाणारं. बरोबर घाम, दम, मळमळ. हात, खांदा, जबडा किंवा पाठीत कळ. यातलं काही असेल तर तो अटॅक धरायचा. डावा हात दुखलाच पाहिजे असा नियम नाही. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत विशेष न दुखता नुसता दम, घाम, गळून गेल्यासारखं वाटणं एवढंच असू शकतं. गॅस आहे की हार्ट आहे, हे घरी ठरवायचं नाही. फोनवर तर नाहीच नाही. ईसीजी काढून ठरवायचं. आणि पहिला ईसीजी चांगला आला तरी त्रास चालू असेल तर हॉस्पिटलात थांबायचं.

दुसरी. १०८ ला फोन. २०१४ पासून आपल्या राज्यात ही सेवा आहे, गाडीत डॉक्टर असतात. स्वतः स्कूटर काढून जायचं नाही, जिना उतरायचा नाही. अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून खायला सांगतात, पण अल्सर, रक्तस्राव किंवा अ‍ॅलर्जी असेल तर ती चालत नाही, म्हणून फोनवर विचारून घ्या.

तिसरी. माणूस अचानक कोसळला, हाक मारून, हलवून जागा होत नाही, श्वास नीट चालत नाही, तर हृदय थांबलं असं समजा. हार्ट अटॅक म्हणजे पाइप बंद. हे म्हणजे पंपच बंद. इथे मिनिटं मोजायची. एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून दाबायला लागायचं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खोल, आणि मदत येईपर्यंत थांबायचं नाही. बरगडी मोडेल याची भीती बाळगू नका, बरगडी जुळते.

चौथी. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल बघायचं. घरात कोणाला लवकर अटॅक आलेला असेल तर न चुकता. रक्तदाब वाढलेला कळत नाही, डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. गोळी बरं वाटण्यासाठी नसते, नळी वाचवण्यासाठी असते. ती आपल्या मनाने बंद करायची नाही. पुरुषांच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांचा ८० च्या आत. टेप बेंबीवर धरा, श्वास रोखून नव्हे.

पाचवी. तंबाखू. सिगारेट, विडी, गुटखा, मिश्री, सगळं आलं त्यात. सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो. एवढा फायदा देणारी गोळी माझ्याकडे नाही.

सहावी. मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सगळं मिळून एक चमचा. लोणचं, पापड, फरसाण, वेफर्स यांतच ते संपतं. भज्यांचं तेल पुन्हा पुन्हा तळायला वापरू नका. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. आपल्या कंपाउंडला नऊ फेऱ्या झाल्या की अर्धा तास होतो, मी मोजलंय. पण बाकावर बसून फोन बघत चालता येत नाही.

बटाटेवडे आज खा. एक खा. माझ्याकडे बघू नका.

कमिटीला विनंती

रौप्यमहोत्सवाला कमानी झाल्या, रोषणाई झाली, छान झालं. मी पाच गोष्टी मागतो.

प्रत्येक लिफ्टशेजारी आणि वॉचमनच्या केबिनमध्ये १०८ आणि चोवीस तास अँजिओप्लास्टी होणाऱ्या जवळच्या हॉस्पिटलचा नंबर, मोठ्या अक्षरात. गेटपासून तिन्ही विंगपर्यंतचा रस्ता रात्रीसुद्धा मोकळा. ज्याची गाडी आडवी असेल त्याला दंड, मग तो मी का असेना. सी विंगच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही, म्हणून ऑफिसात एक घडीची खुर्ची, उतरवता येईल अशी. वॉचमनसकट निदान वीस जणांना छाती दाबायचं प्रात्यक्षिक. ते पुढच्या रविवारी मी स्वतः इथेच घेणार आहे, बाहुली मिळाली आहे. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ ते अकरा मी सोसायटीच्या ऑफिसात रक्तदाब मोजायला बसेन. पैसे नाहीत. ज्यांनी गोळी मध्येच सोडली असेल त्यांच्या घरी मात्र मी येईन, बेल वाजवीन. तेव्हा रागवू नका.

शेवटचं. तुम्ही सगळे मला रात्री-अपरात्री फोन करता, तो हक्क आहे तुमचा. तसाच करत जा. माझा फोन उशाशी असतो. पण छातीत काही वाटलं तर आधी १०८ ला फोन करा, मग मला. आणि मी फोनवर काही निदान सांगायला लागलो, तर मला थांबवा आणि म्हणा, "डॉक्टर, आधी वर या."

मी येईन. दोन जिने असोत की सात.